नवव्या प्रकरणाची भाषा

माझे यजमान आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवत. सव्वीस वर्षं शिकवला. त्यांच्या वर्कशॉपमध्ये उभं कापून, आतले भाग दिसावेत म्हणून लाल-निळं रंगवलेलं एक डिझेल इंजिन होतं. ते त्यांच्या नोकरीपेक्षा जुनं होतं. भोकरदन, जाफराबाद, मंठा या बाजूंची मुलं त्या इंजिनाभोवती उभी राहून शिकायची आणि पुढे जालन्यात नाहीतर वाळूजला कामाला लागायची. त्यातला एकजण दिवाळीच्या सुट्टीत भेटायला आला आणि हसत हसत म्हणाला, "सर, कामावर पहिली गाडी खोलली, तुम्ही शिकवलेलं एकबी सामान त्या गाडीत नव्हतं." त्या रात्री जेवण झालं. हात धुताना म्हणाले, "त्यानं खोटं न्हाई सांगितलं."

पुस्तकाची कल्पना त्यातून निघाली. जगात आज ज्या सगळ्यात वेगवान गाड्या बनतात, त्यांच्यात नवं काय आहे ते मराठीत लिहायचं. मी विचारलं, तुमच्या मुलांच्या हाताखाली असली गाडी कधी येणार? ते म्हणाले, "येणार न्हाई. पण तिच्यातलं सामान येणार. डिस्क ब्रेक आधी शर्यतीच्या गाडीला आल्ता. आज दूधवाल्याच्या मोटरसायकलला हे." त्यांचं म्हणणं असं की ओढ्याचं पाणी गावात यायच्या आधी वरच्या शिवारात जाऊन बघावं.

इंग्रजी त्यांना वाचता यायचं, पण मजकूर अंगात मुरायचा नाही. मी इथल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. लेख मी शोधायचे, छापून आणायचे, आणि संध्याकाळच्या चहानंतर पुढच्या खोलीत टेबलाशी बसून वाक्य वाक्य मराठीत सांगायचे. ते डोळे मिटून ऐकत. मग थोडा वेळ येरझारा घालत आणि आपल्या शब्दांत बोलायला लागत, समोर वर्ग असल्यासारखे. ते बोलत आणि मी लिहून घेत असे. अशी आठ प्रकरणं झाली. तीन वर्षं लागली.

जुन्या जालन्यात स्पेअर पार्टचं दुकान असलेले एक शेठ त्यांचे मित्र होते. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले होते. शेठ मात्र आमच्यापेक्षा जास्त जालन्याचे. पुस्तकाचं कळल्यावर ते मला म्हणाले, "वहिनी, सरांच्या स्कूटरला दोन महिन्यांपासून मागचा ब्रेक न्हाई, अन् लिहून राह्यले तीनशेच्या स्पीडवर. आधी आपली तर थांबवा म्हणावं."

"थांबवतो ना," हे म्हणाले. "ब्रेकचं प्रकरण शेवटी हे. तिथपर्यंत पाय घासत चालवतो."

माझ्याकडून चुका व्हायच्या. एक अजून आठवते. लेखात होतं की वेग वाढला की वरून जाणारी हवा गाडीला वर खेचते, इंग्रजीत त्याला लिफ्ट म्हणतात, आणि नव्या गाडीत ती जवळजवळ शून्यावर आणली आहे. त्या दिवशी मला वेळ नव्हता म्हणून मी भाषांतर कागदावर लिहून त्यांच्या डब्याच्या पिशवीत टाकलं. कोश पाहून मी शब्द वापरला होता 'उचल'. वाक्य असं झालं: या रचनेमुळे गाडीची उचल अगदी कमी होते आणि हेच तिचं सर्वांत मोठं यश आहे.

दोन दिवस त्यांनी त्या कागदाचा विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी चहा ठेवून म्हणाले, "अगं, हे लोक येडे हेत का?"

"कोण लोक?"

"गाडी बनवणारे. एवढा खर्चा केला, कोट्यवधीचा, अन् गाडीची उचल कमी केली. वर त्याला यश म्हणून राह्यले."

तेव्हा मला कळलं की गॅरेजमध्ये उचल म्हणजे पिकअप. गाडी उचल घेईना म्हणजे अॅक्सिलरेटर दाबूनही ती वेग धरत नाही. दोन दिवस ते याचं उत्तर शोधत होते. वर्कशॉपमधल्या सहकाऱ्याला विचारून झालं होतं. शेठांनाही विचारलं होतं, आणि शेठ गंभीरपणे म्हणाले होते, "बराबर हे सर. विमा कंपनीनं सांगितलं असंल."

मी इंग्रजी वाक्य पुन्हा सांगितल्यावर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग उठून चालायला लागले आणि हवेचा दाब वखराच्या उदाहरणाने सांगितला. वखर वरवर चालायला लागला की शेतकरी त्यावर दगड ठेवतो, म्हणजे पास, खालची लोखंडी पट्टी, जमिनीत रुतते. गाडीचंही तसंच, फक्त इथे दगड हवेचा आहे. गाडी उभी असते तेव्हा त्याचं वजन नसतं, पळायला लागली की वजन येतं. माझ्या वहीत ते असं आहे: "ज्याप्रमाणे वखर जमिनीत खोलवर जावा म्हणून शेतकरी त्यावर भार ठेवतो, त्याप्रमाणे गाडीच्या मागील पंखाची आणि तळाची रचना हवेचा भार निर्माण करते." वाक्य बरोबर आहे. ते स्वतः नेमकं काय म्हणाले होते, ते मला आता सांगता येत नाही. त्यात बैलाबद्दल काहीतरी होतं, एका चुलत्याबद्दल होतं जो दगडाऐवजी स्वतःच वखरावर उभा राहायचा आणि ज्याला सगळे 'जिवंत धोंडा' म्हणायचे. तेवढं आठवतं, कारण ते मी लिहिलं नाही.

लिहून घेताना मी तसंच करायचे. कानावर 'न्हाई' पडलं की हात 'नाही' लिहायचा. 'करून राह्यलेत' आलं की 'करत आहेत'. गोष्ट फाटे फोडायला लागली की मी फाटे छाटायचे. माझे वडील शिक्षक होते, घरात भाषेची शिस्त होती, आणि लग्नानंतर केदारखेड्याला सासरी गेल्यावर माझ्या बोलण्याची बायका नक्कल करायच्या, "आली बघा रेडिओची बाई." मी तिथल्यासारखी कधी बोलू शकले नाही. पण पुस्तक म्हणजे पुस्तक, त्याची भाषा नीट असली पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. मी त्यांना मदतच करत होते.

दुसरं प्रकरण स्वच्छ लिहून मी त्यांना वाचून दाखवलं. गाडी वळणावर असताना प्रत्येक चाकाला वेगवेगळी ताकद कशी देतात, याचं ते प्रकरण होतं. पुढच्या दोन चाकांना दोन वेगळ्या विजेच्या मोटरी. वळताना बाहेरच्या चाकाला जोर, आतल्याला आवर. बैलगाडी वळवताना गाडीवान बाहेरच्या बैलाला हाक देतो आणि आतल्याचा कासरा ओढतो, तसं. ऐकून ते म्हणाले, "छान हे. कोणी लिहिलं?"

"तुम्हीच सांगितलं ना."

"मी? मी असा बोललो असतो तर पोरं कव्हाच झोपली असती."

मी हसले. पुढचं प्रकरण सुरू झालं.

त्या काळात त्यांनी अशी गाडी एकदा जवळून पाहिली. शेठांच्या पुतण्याची लोखंडाची मिल आहे. त्याने बाहेरून एक गाडी मागवली, बसक्या बांध्याची, राखाडी रंगाची, इंजिन सीटच्या मागे आणि पुढच्या चाकांना मोटरी. शेठांनी आम्हाला बघायला नेलं. बंगल्याच्या पोर्चमध्ये बरीच माणसं होती, प्रत्येकजण दारापाशी उभा राहून फोटो काढून घेत होता. हे इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात फरशीवर उताणे झाले आणि मोबाइलचा उजेड पाडत गाडीखाली डोकं घातलं. पुतण्या घाईने पुढे आला. "सर, आत बसा ना. आत बघा सगळं."

"आत काय हे?" खालून आवाज आला. "आत खुर्च्या हेत. सगळं काम इथं खाली हे."

जमिनीपासून चार बोटांवर गाडीचं पोट होतं आणि ते ताटासारखं सपाट होतं, मागे जाऊन वर उचललेलं, आणि त्यात उभे पत्रे. त्यातून हवा जोरात निघून जाते आणि गाडी खाली चिकटते. लेखात आम्ही हे वाचलं होतं. ते पंधरा मिनिटं खाली होते. बाहेर आले तेव्हा पाठ काळी झाली होती. परतताना मला म्हणाले, चाकाच्या दांड्याला एक जोड असा होता की तो ना ओतीव होता ना लेथवर कातलेला. धातूची भुकटी थरावर थर वितळवून केलेला. "कुंभारीण माशी घर बांधती का न्हाई, एक एक गोळी लावून? तसं." हे मला त्यांच्या शब्दांत आठवतं, कारण आम्ही स्कूटरवर होतो आणि माझ्याकडे वही नव्हती.

घसा बसला तेव्हा आधी वाटलं खडूची धूळ असेल. ते तंबाखू खायचे. वर्कशॉपमध्ये चुना मळायला हात नेहमी मोकळा नसे म्हणून एकदा लावलेली गोळी बराच वेळ ठेवायचे. संभाजीनगरला तपासणी झाली. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं की स्वरयंत्र काढावं लागेल आणि श्वास गळ्याच्या खालच्या भोकातून घ्यावा लागेल. यांनी चित्राकडे बघत विचारलं, "म्हंजे सायलेन्सर काढून टाकणार." डॉक्टर हसले नाहीत. मीही नाही.

ऑपरेशनला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत त्यांनी आठवं प्रकरण बोलून पूर्ण केलं. टर्बोचं होतं. इंजिनात हवा कोंबणारा पंखा इंजिनाच्याच धुरावर फिरतो, त्यामुळे पाय दाबल्यावर तो वेग घेईपर्यंत क्षणभर उशीर होतो. आता त्या पंख्याच्या दांड्यावर एक लहानशी मोटर बसवतात, ती धुराची वाट न बघता आधीच पंखा फिरवते. लोहाराच्या भात्याचं उदाहरण देऊन ते बोलले. आवाज घोगरा होता, मध्ये मध्ये नुसती हवा यायची, तेव्हा ते थांबून पाणी प्यायचे आणि तुटलेलं वाक्य पहिल्यापासून म्हणायचे. मी खाली मान घालून लिहीत होते. माझा फोन टेबलावर, वहीच्या शेजारी होता. त्यात आवाज धरून ठेवावा हे मला आठ दिवसांत एकदाही सुचलं नाही. मी लिहून घेत होते ना.

ती वही आता माझ्यासमोर आहे. आठवं प्रकरण: "पारंपरिक टर्बोमध्ये प्रतिसादास विलंब होतो." असं कोणीही म्हणेल. असं ते म्हणाले नव्हते.

फोनमध्ये त्यांचा आवाज आहे, पण फार थोडा. फोनशी बोलायला त्यांना आवडत नसे. येताना कोथिंबीर आण. गॅसवाला येऊन गेला. मी शेठकडं हे. सगळं मिळून अर्धा मिनिटही नाही.

ऑपरेशन होऊन घरी आल्यावर त्यांनी नववं प्रकरण स्वतः लिहायला घेतलं. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर, पेन्सिलीने. ते ब्रेकचं प्रकरण. पहिलं पान त्यांनी माझ्याकडे सरकवलं आणि मी सवयीने पेन्सिल उचलून वाचायला लागले. 'न्हाई' तीन ठिकाणी होतं, तीनही ठिकाणी मी सुधारलं. 'म्हून' खोडून 'म्हणून' केलं. 'धरतेत' खाली रेघ मारून वर 'धरतात' लिहिलं. पान परत दिलं.

त्यांनी ते पाहिलं. मग टेबलाच्या खणातून खोडरबर काढला आणि माझी एक एक दुरुस्ती खोडली. घाई केली नाही. प्रत्येक खाडाखोडीनंतर कागदावर फुंकर मारायला वाकत, पण फुंकर तोंडातून येत नव्हती, म्हणून हाताने झटकत होते. खाली त्यांचे शब्द पुसट झाले होते ते पुन्हा गिरवले. मग मी पाहत असताना कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं: "हे एक राहू दे."

मी म्हटलं, "पण मग बाकीच्या आठांशी जुळणार नाही."

त्यांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही, ते मला तेव्हाही कळलं नाही.

त्या हिवाळ्यात शेठांनी पुतण्याला सांगून त्यांना गाडीतून एकदा नेऊन आणलं. गाडीत दोनच जागा. शेठ आणि मी नव्या महामार्गाला चढण्याआधी पेट्रोल पंपाशेजारी थांबलो. गळ्याला मफलर गुंडाळून, लिहायचा पॅड आणि पेन्सिल घेऊन ते आत बसले. बसायला एवढं खाली वाकावं लागलं की मला वाटलं त्यांना श्वास लागेल. पाऊण तासाने गाडी परतली. पुतण्या उतरला तो हसत होता आणि थोडा चिडलेलाही होता.

"काका, सरांनी मला चौदा वेळा ब्रेक मारायला लावले. कधी हळू, कधी एकदम जोरात. पळवायचं नावच न्हाई. नियमात बसते तेवढी स्पीड, अन् मंग ब्रेक. मागचे ट्रकवाले शिव्या देऊन राह्यले."

"मंग?" शेठ म्हणाले. "शिव्या तुला दिल्या, सरांना काय."

यांनी पॅड माझ्यासमोर धरला. त्यावर एकच ओळ होती: "जोड न्हाई सापडला." चेहरा पडला होता असं मला वाटलं, नंतर कळलं की ते खूश होते. त्यांचा चेहरा आता मला पूर्वीसारखा वाचता येत नव्हता. आवाज असताना मी चेहऱ्याकडे एवढं कधी पाहिलंच नव्हतं.

जोड कशाचा, ते नवव्या प्रकरणात आहे. त्यातला काही भाग इथे देते.

"आपल्या गाडीत पेडल दाबलं की तेल दाबलं जातं अन् तेल पॅडला दाबतं. पाय थेट चाकापोहोत जातो. ह्या गाडीत तसं न्हाई. पेडल फक्त सांगतं, पाय किती दाबला. पुढं कॉम्प्युटर बघतो. पायाला खोटं वाटू न्हाई म्हून पेडलखाली एक स्प्रिंग ठेवलेली हे, ती नुसती पायाची समजूत काढती. ब्रेक दाबला की आधी मोटर उलटी कामाला लागती. मोटर फिरवली तर वीज देती हे तुम्हाला माहीत हे. आता चाक तिला फिरवून राह्यलं, तिला वीज करायला लागून राह्यली, म्हून ती चाकाला धरती. जात्यात दाणे टाकले की जातं जड होतं, तसं. दाणे न्हाई टाकले तर मोकळं फिरतं. ती वीज बॅटरीत जाती, पुन्हा पळायला कामाला येती. मंग वेग कमी झाला की मोटरचं धरणं सैल पडतं, तिथून पॅड धरतेत. हा जो जोड हे, मोटर सुटती अन् पॅड धरतेत तो, तो पायाला कळला न्हाई पाहिजे. मोठमोठे इंजिनियर ह्या एका जोडावर मेहनत घेऊन राह्यलेत."

मला हे वाचताना ते दिसतात. आठ प्रकरणांत मला मीच दिसते.

पुढच्या उन्हाळ्यात आजार फुप्फुसात उतरला. नवव्या प्रकरणाची अखेरची पानं खाटेवर लिहिलेली आहेत, अक्षर वर-खाली गेलेलं. ते आषाढात गेले. सकाळचे अकरा वाजले होते आणि मी त्यांच्यासाठी पेज गाळत होते. याहून जास्त मला त्याबद्दल लिहिता येत नाही.

दिवस झाल्यावर शेठ आले, बराच वेळ बसले आणि उठताना म्हणाले, "वहिनी, पुस्तक काढायचं. सरांचं नाव राहील." नाव राहील हे खरं होतं. पण माझ्या डोक्यात तेव्हापासून एकच गोष्ट होती. मुखपृष्ठावर त्यांचं नाव असेल आणि आत त्यांचा एक शब्दही नसेल, शेवटचं प्रकरण सोडून. तीन वर्षं माणूस माझ्यासमोर येरझारा घालत बोलला होता आणि मी ते सगळं ऐकून, पुसून, दुसरं काही ठेवून दिलं होतं.

मी ते भरून काढायचा प्रयत्न केला. महाविद्यालयातून आल्यावर वही उघडायची आणि पहिली आठ प्रकरणं त्यांच्या बोलीत परत लिहायची. 'नाही'चं 'न्हाई' करणं सोपं होतं. 'आहे'चं 'हे' करणंही. चार महिन्यांत तीन प्रकरणं झाली. मग मी ती सलग वाचली. ते कुठेच नव्हते. एक शिकलेली बाई खेडवळ माणसाची नक्कल करत होती, सासरच्या बायका माझी करायच्या तशी. त्यांच्या बोलण्यातली गंमत 'न्हाई'त नव्हतीच. ते कुठे थांबायचे, मध्येच कोणता चुलता यायचा, कोणता बैल अडायचा, त्यात होती, आणि ते मी छाटलं होतं. मी ती तीन प्रकरणं फाडून टाकली. फाडताना वाईट वाटलं नाही. मूळ बोलणं कधी कागदावर आलंच नव्हतं, त्याचं वाटलं.

मग ठरवलं ते एवढंच. आठ प्रकरणं माझ्या भाषेत आहेत तशी जातील, आणि सुरुवातीला मी लिहीन की ही भाषा माझी आहे, ज्ञान त्यांचं. नववं त्यांनी लिहिलं तसं जाईल, काना-मात्रा न बदलता.

छापखाना जुन्या जालन्यातच आहे. मालक लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं छापतात, वर्षाकाठी एखादं पुस्तकही. त्यांनी मुद्रितं पाठवली तेव्हा मी आधी नववं प्रकरण काढलं. पहिल्याच ओळीत 'तसे नाही' होतं. पुढे 'धरतात'. पुढे 'आहे', 'आहे', 'आहे'. सगळं प्रकरण स्वच्छ, सरळ आणि मुकं झालं होतं. मी मुद्रितं घेऊन छापखान्यात गेले.

मालक म्हणाले, "टाइप करणाऱ्या बाईंनी शुद्ध करून दिलं, ताई. त्यांना वाटलं सर आजारी होते, लिहिताना चुकलं असंल. चांगल्या मनानं केलं त्यांनी."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. चांगल्या मनाने केलं होतं यात मला काही शंका नव्हती.

"पण ताई, आधीचं सगळं एवढं छान, अन् शेवटी हे असं. वाचणारा म्हणंल, मास्तरला लिहिताच येत न्हाई. नाव सरांचं खराब होईल, माझं काय."

"होऊ द्या."

"पोरं हसतील."

"हसतील तर बरंच आहे. ते वर्गात पोरांना हसवायचेच."

त्यांनी लाल पेन दिला आणि आतल्या खोलीतली खुर्ची रिकामी करून दिली. मशीन चालू होतं. मी मूळ पानं डाव्या हाताला आणि मुद्रितं उजव्या हाताला ठेवली आणि शब्द शब्द परत आणायला बसले. मुद्रितात 'नाही' असेल तिथे खोडून 'न्हाई'. 'थांबतात' तिथे 'थांबतेत'. आयुष्यभर जे ज्या दिशेने केलं, त्याच्या उलट. तीन वेळा पेनाने आपोआप माझं तेच लिहिलं आणि मला ते खोडावं लागलं. दुपार झाली. मालकांनी चहा पाठवला, तो निवला.

अखेरच्या पानावर एक वाक्य आहे. गाडी उभी राहायच्या अगदी आधीच्या क्षणाबद्दल. त्या वेगाला मोटर काही धरू शकत नाही, दाणे संपलेल्या जात्यासारखी ती मोकळी होते, आणि शेवटचे दोन हात गाडी ब्रेकचे पॅडच थांबवतात. त्यांनी लिहिलंय, "मोटर कितीबी धरू दे, शेवटचं" आणि त्याच्यापुढे एक शब्द, मग "पॅडचंच." तो मधला शब्द लागत नाही. पेन्सिल थरथरून दोनदा गिरवलेला आहे. टाइप करणाऱ्या बाईंनी तिथे 'काम' घातलं होतं. अर्थ बसत होता.

मालक चश्मा लावून बघायला आले. "कामच हे, ताई. दुसरं काय असणार?"

"पहिलं अक्षर क वाटत नाही."

"मंग 'मान' असंल. शेवटचा मान पॅडचा."

"मान असता तर 'शेवटचा' लिहिलं असतं."

त्यांनी कागद उजेडाकडे धरला, तिरका केला. "सरांनी लिहिलं तव्हा तुम्ही विचारलं न्हाई?"

विचारलं नव्हतं. ते पान मी त्यांच्या हयातीत वाचलंच नव्हतं. त्या दिवसांत मी पानं नुसती गोळा करून उशाशी ठेवत होते.

"तुम्ही ग्रंथपाल हेत," मालक म्हणाले. "तुम्हाला शोभंल असा एक शब्द टाका अन् मोकळ्या व्हा. कोणाला कळणार हे?"

मला शब्द सुचत होते. चांगले सुचत होते, दोन-तीन तर अगदी नेमके होते, आणि मला खात्री आहे की त्यांतला कोणताही वाचणाऱ्याला खटकला नसता. मी 'काम' खोडलं.

"मंग तिथं टिंबं टाकू?"

"नको. टिंबं टाकली तर वाटेल त्यांनीच टाकली. जागा सोडा."

"कोरी?"

"कोरी."

 त्यांनी टेबलावरची स्टीलची पट्टी माझ्याकडे सरकवली. मी ती त्या शब्दाखाली धरली, सुरुवात शून्यावर आणून मोजलं आणि मुद्रिताच्या समासात लिहिलं: दीड सेंटिमीटर.